रोहिणीच्या आईचा तेरावा

“तेरावा कधी आहे?” नेसरीकर बाईंनी विचारलं.

निनाद हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

“कुणाचा, बाई?”

“रोहिणीच्या आईचा.”

निनादनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला वाटलं, इतका जवळ बसून लेख करून घेतला यानं, आणि एवढंही विचारलं नाही तिला...

आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या मागं एक खोली आहे. पूर्वी तिथं वनस्पतिशास्त्राच्या बरण्या असायच्या. आता मुलं आपलं लिहिलेलं घेऊन तिथं येतात. निबंध, अर्ज, भाषण, काहीही. आणि आमच्यासारखी वरच्या वर्गातली मुलं त्यांच्याजवळ बसतात. बसणाऱ्याला सोबती म्हणतात. सोबती कसं व्हायचं, ते बाई शिकवतात. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या, या खोलीतून झाल्या नाहीत.

त्यांचे नियम थोडे. सोबत्यानं पेन हातात घ्यायचं नाही. कागद लिहिणाऱ्याच्या पुढ्यातच राहील. आणि विचारायचं, मग काय झालं? उत्तर आलं की पुन्हा विचारायचं, मग काय झालं?

बास. एवढंच शिकायला आम्हाला वर्ष लागत होतं.

निनाद कुराडे आमच्यात सगळ्यांत हुशार. तो शेजारी बसला की लेख उभा राहतो, असं मुलं म्हणायची. तोही म्हणायचा. पुढच्या वर्षी नव्या सोबत्यांना शिकवायला बाई आमच्यातलाच कुणीतरी नेमणार होत्या. निनादनं त्यासाठी आपलं काम त्यांच्यापुढं ठेवलं होतं. पहिल्या वर्षाच्या रोहिणी डोणेचा लेख. तो वार्षिकांकात पहिला लागणार होता. चार वाजता प्रेसला जायचा होता, फक्त बाईंची सही राहिली होती.

लेखाचं नाव होतं ‘आईची गाडी’.

मी तो आदल्या दिवशी वाचला होता. रोहिणीची आई शाळा सुटल्यावर शाळेच्या मैदानात स्कूटी शिकते. धाकटा दीर मागून धरून पळतो. ती ओरडत असते, भावजी, सोडू नका. आणि भावजी केव्हाचे सोडून लिंबाखाली बिडी ओढत बसलेले असतात. ब्रेक तिच्या ध्यानातच राहत नाही. ती दोन्ही पाय टेकवून, घासत घासत गाडी थांबवते. चपलांचे तळ झिजून पापडासारखे झालेत.

इथपर्यंत मी हसले होते.

मग एक दिवस आई गाडी घेऊन घाट चढायला निघते... आणि शेवटचं वाक्य असं होतं: त्या दिवशी मात्र आईचे पाय जमिनीला लागलेच नाहीत.

त्या वाक्यापाशी मी रडले होते. मेसमध्ये, सगळ्यांच्या देखत.

म्हणून बाईंचा प्रश्न मला योग्यच वाटला.

“तेरावा... तसं नाही, बाई,” निनाद म्हणाला.

“होऊन गेला?”

“नाही.”

“म्हणजे पोरगी सुतकात आहे. आणि तू तिला इथं बोलावून बसवलीस.”

निनादनं तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे पाठ केली होती. त्यांनी कपाटावरची पिशवी काढली. पिशवीत एक गाठोडं होतं. फडक्याची गाठ सोडली तर आत भाकऱ्या, आणि डब्यात पिठलं. अजून वाफ होती.

“कस्तुरी, तिला आत घे. बाहेर पायरीवर नको बसवू.”

रोहिणी पायरीवर बसून फाटकाकडे बघत होती. मी हाक मारली तर दचकली. मीही दचकले.

या खोलीत येताना फोन दाराजवळच्या दुरडीत ठेवायचा असतो. रोहिणीनं ठेवला नाही. तिनं तो मुठीत घट्ट धरला होता. बाईंनी ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही. बाई नियमाबद्दल काही बोलत नाहीत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी तिला चटईवर बसवलं. स्वतः समोर बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

“घे, बाळ. या घासाला नाही म्हणू नये.”

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, त्या घरी चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भाकरी करून नेते आणि घरच्यांना बळंच भरवते. कडू घास म्हणतात त्याला. माझे आजोबा गेले तेव्हा मी तो खाल्ला होता. चव आठवत नाही, भरवणारीचा हात आठवतो.

रोहिणीनं घासाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग तिला कळलं. ती बसल्या जागी मागं सरकत गेली, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

“बाई, माझी आई आहे,” ती म्हणाली. “आहे माझी आई.”

माझ्या हातात पाण्याचं फुलपात्र होतं. ते पडलं. गोल फिरत टेबलाखाली गेलं आणि थांबलं. कुणी वाकून घेतलं नाही.

बाईंचा हात तसाच होता, हवेत.

“आहे?”

“सकाळीच बोललो की आम्ही.”

बाईंनी घास परत डब्याच्या झाकणात ठेवला. हळूच, मोडू नये असा. आणि निनादकडे पाहिलं.

मीही पाहिलं. मेसमधलं माझं रडणं मला आठवलं. कुणासाठी रडले होते मी...

“बाई, हे साहित्य आहे,” निनाद म्हणाला. “वाचणाऱ्यावर परिणाम व्हायला हवा ना.”

“झाला,” बाई म्हणाल्या. “मी भाकऱ्या थापल्या.”

निनादचे कान लाल झाले. पण तो हरणाऱ्यातला नव्हता.

“मी नियमानंच गेलो. तिला विचारलं, मग काय झालं? ही म्हणाली, आई गाडी शिकली. मी विचारलं, मग काय झालं? ही म्हणाली, काही नाही. परत विचारलं, परत काही नाही. आठवडाभर हेच चाललं होतं. काही नाही, काही नाही. बाई, काही नाही हा काय शेवट असतो?”

बाईंनी झाकणातला घास फडक्याखाली झाकला.

“आणि पेनाला मी हात लावलेला नाही. सगळं अक्षर तिचं आहे. मी फक्त म्हटलं, असं झालं असतं तर? विचारा तिला.”

रोहिणीनं मान हलवली. “दादा सांगत होते. मी लिहीत होते.”

“आणि तू नाही म्हणाली नाहीस?” हे मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

“दादा केवढा वेळ बसले होते माझ्यासाठी,” रोहिणी म्हणाली. “डबा पण खाल्ला नव्हता त्यांनी. शेवट लिहिल्यावर म्हणाले, झकास झालं. मला कुणी झकास झालं म्हटलेलं नाही कधी.”

मीसुद्धा नाही म्हटलं नसतं.

“हात दाखव,” बाई निनादला म्हणाल्या.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. बाईंनी ते उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. बोटांना शाईचा ठिपका नव्हता.

“स्वच्छ आहेत,” त्या म्हणाल्या. “मग वाढायला घे.”

“काय?”

“केलेलं अन्न आहे. टाकायचं नसतं.”

निनादला राग आला होता. तो दिसत होता. पण बाईंच्या समोर तो रागही नीट धरता येत नव्हता त्याला. तो ताटल्या काढायला कपाटाकडे वळला.

तेवढ्यात रोहिणीनं मुठीतला फोन कानाला लावला. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. संपर्क होऊ शकत नाही, असं फोनमधली बाई सांगत होती. तीच बाई, तोच सूर, पुन्हा पुन्हा.

“कुणाला लावतीयेस?” मी विचारलं.

“आईला.”

“घरी रेंज नसेल.”

“घरी नाही ती.” रोहिणीचा आवाज अगदी बारीक झाला. “इकडं यायला निघालीय. मी काल सांगितलं तिला, तुझ्यावर लिहिलंय, छापून येणार आहे. म्हणाली, मग मला वाचून दाखव, मी येतो. म्हटलं, एसटीनं ये. म्हणाली, गाडीवर लिहिलंयस आणि एसटीनं येऊ व्हय... सकाळीच निघाली. एव्हाना पोचायला पाहिजे होती.”

तिची वाडी डोंगरापलीकडे आहे. मधे घाट लागतो. फार मोठा नाही. पण लेखात होता तोच.

“पहिल्यांदाच येतीय एवढ्या लांब,” रोहिणी म्हणाली. “आणि मी लिहून ठेवलंय...”

 

माझी आई म्हणते, घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष फिरत असतो, तथास्तु म्हणत असतो. मी तिला नेहमी हसते. आई, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणते. त्या दुपारी मी छताकडे पाहिलं.

“असं काही नसतं,” निनाद म्हणाला. पण त्याच्या हातातल्या ताटल्या एकमेकींवर वाजत होत्या. “असं कुठं असतं? ट्रॅफिक असेल. उसाचे ट्रॅक्टर आहेत रस्त्यानं.”



त्यानं ताटल्या खाली ठेवल्या. टेबलावरचा लेख उचलला. शेवटचं पान वर घेतलं.

“खोडू या. आत्ताच. कस्तुरी, पेन दे.”

मी पेन पुढं केलं.

“सोबत्यानं पेन धरायचं नाही,” बाई म्हणाल्या.

निनाद त्यांच्याकडे बघतच राहिला. मीही. मला वाटलं, या बाईंच्या छातीत काय आहे...

“बाई, आत्ता?”

“आत्ता.”

निनाद रोहिणीकडे वळला. पेन धरायचं नव्हतं, म्हणून त्यानं ते तळहातावर ठेवून पुढं केलं, प्रसाद द्यावा तसं. “रोहिणी, खोड तू. ते शेवटचं. तुझं तूच खोड.”

रोहिणीनं पेन घेतलं. टोपण काढलं. शेवटच्या ओळीवर टोक टेकवलं आणि थांबली.

“खोडलं म्हणजे येईल का ती?”

तिनं निनादला विचारलं होतं. एवढा बोलणारा निनाद. कुठल्याही लेखाचा शेवट त्याला सुचायचा.

“मला... मला माहीत नाही,” तो म्हणाला.

वर्षभरात त्याच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बाईंनी भाकऱ्यांवरचं फडकं बाजूला केलं.

“ताटं मांड, निनाद.”

तो मांडायला लागला. चटईच्या कडेनं एकेक ताटली ठेवत गेला. बाईंना, रोहिणीला, मला. शेवटची स्वतःला.

“आणखी एक,” बाई म्हणाल्या.

“आपण चौघंच आहोत, बाई.”

“आणखी एक मांड.”

जेवायला बसताना एक ताट जास्तीचं दोन माणसांसाठी मांडतात. एक, वाटेवर असलेल्या पाहुण्यासाठी. आणि दुसरं... दुसऱ्याचं नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही. बाईंचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्या पिठलं ढवळत होत्या.

निनादनं पाचवी ताटली ठेवली. ती सरळ बसेना. त्यानं ती दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू उडून जाईल.

आम्ही बसलो. कुणी घास घेतला नाही.

तासाची घंटा झाली. मुलं ओरडत गेली. ग्रंथालयात कुणीतरी खुर्ची सरकवली. फाटकातून एक मोटारसायकल आली, रोहिणी अर्धी उठली, परत बसली. फोनमधली बाई तिचं तेच सांगत होती. पिठल्यावर साय धरायला लागली.

निनादचे ओठ हलत होते. तो काय पुटपुटतोय, ते मला आधी कळलं नाही. मग कळलं. तो म्हणत होता, पाय टेकव, पाय टेकव.

आणि बाहेर खडीवर काहीतरी खरडलं.

खर्रर्र... लांबलचक. थांबलं. पुन्हा थोडंसं, खर्र.

रोहिणीच्या आधी निनाद पळाला. अनवाणी, खडीवरून.

मी दारापाशी गेले तेव्हा बाहेर एक बाई स्कूटीवर बसलेली होती. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही पाय जमिनीवर फाकलेले, गाडी चालूच. निनाद तिच्या समोर उभा राहून तिच्या पायांकडे बघत होता.

“काय बघतोयस, बाळा? गाडी बंद कर की. ती किल्ली मला गावत न्हाई.”

निनादनं गाडी बंद केली.

रोहिणी जाऊन आईच्या गळ्यात पडली. हेल्मेटसकट. आईला काय झालं ते कळेना.

“अगं, पडलो न्हाई मी. फोन पडला. पुलावर जरा थांबलो, तुला सांगाया फोन काढला, तर हातातनं निसटून गेला पाण्यात. एका फोनसाठी एवढं रडतीयास व्हय?”

“उशीर किती केलास...”

“उसाचा ट्रॅक्टर होता म्होरं. सबंध घाट त्याच्या मागनं आलो. त्यो बाजूला हुईना, आणि मला म्होरं काढाया येत न्हाई.”

ती आत आली. चपला दारात काढल्या. मी तळ पाहिले. लेखात लिहिलं होतं तसेच होते. टाचेच्या जागी तर आता भोकच होतं.

मांडलेलं पान पाहून ती थबकली.

“आगं बया. माझ्यासाठी जेवाय थांबला व्हय सगळी?”

ती पाचव्या ताटलीवर बसली. निनाद वाढत होता. पिठलं ताटलीत थोडं पडलं, थोडं चटईवर.

“बास, बास. हात का कापतोय तुझा? सकाळधरनं खाल्लं न्हाईस जणू. बस की तू बी.”

तो बसला नाही. भाकरी घेऊन उभाच राहिला.

तिनं मोठा घास घेतला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, आणि नजरही काढवेना. तो घास तिच्यासाठी केलेला नव्हता. म्हणजे, तिच्यासाठीच...

“पिठलं झ्याक झालंय. कुणी केलं?”

“मी,” बाई म्हणाल्या.

“आज काय विशेष हो, बाई?”

रोहिणीनं डोळे मिटले.

“तुमच्यासाठीच केलं होतं,” बाई म्हणाल्या.

“माझ्यासाठी?” ती लाजली. पदरानं तोंड पुसलं. “उगं तरास घेतलासा. व्हय गं रोहे, वाच की आता. काय लिवलंयस बघू माझ्यावर.”

रोहिणीनं कागद घेतले. पेन अजून तिच्या हातातच होतं, शेवटची ओळ अजून तशीच होती. ती वाचायला लागली. आधी आवाज बसलेला होता, मग सुटला.

भावजी बिडी ओढत बसलेले असतात, इथं आईला ठसका लागला.

“ते बी लिवलंस? आता भावजी माझ्याशी बोलत्यात व्हय.”

चपलांच्या तळांपाशी तिनं दाराकडे पाहिलं आणि मांडीखालचे पाय आणखी आत ओढून घेतले. हसत होती, तरी.

रोहिणी शेवटच्या परिच्छेदाशी आली. थांबली.

“फुडं?” आई म्हणाली.

रोहिणीचं बोट त्या ओळीवरच होतं.

“आगं, थांबलीस का? मग काय झालं?”

तोंडात घास होता तिच्या. सहजच विचारलं तिनं. वर्षभर आम्ही शिकत होतो तोच प्रश्न. कुणी इतक्या भुकेनं विचारलेला मी ऐकला नव्हता.

रोहिणीनं निनादकडे पाहिलं. निनादनं घड्याळाकडे पाहिलं, प्रेसची वेळ होत आली होती. मग त्यानं भाकऱ्यांचं फडकं खाली ठेवलं आणि बाईंसमोर गुडघ्यांवर बसला. त्याच्या तळपायांना खडी रुतलेली होती, ती अजून काढलेली नव्हती.

“बाई,” तो म्हणाला. “शेवट... शेवट काय करायचा?”

बाईंनी रोहिणीच्या आईच्या ताटलीत आणखी चतकोर भाकरी वाढली.

“त्यांना अजून तोच घाट ओलांडून घरी जायचंय, निनाद.”